मुरडशेंगेला फूल येतं

आमच्याकडचा घुटीचा डबा पितळी आहे. आजीच्या रुखवतातला, झाकण एका बाजूने चेपलेलं, उघडला की आधी वेखंडाचा वास नाकात जातो आणि मग हळूहळू बाकीचं कळतं. हळकुंड, बाळहिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, एक खारीक, एक बदाम, आणि तळाशी दोन-तीन मुरडशेंगा. लहानपणी त्यातली मला फक्त मुरडशेंग ओळखू यायची, कारण सुतळीला पीळ देऊन ठेवावा तशी ती दिसते, करंगळीएवढी, तपकिरी-काळपट, हातात घेतली तर वजनच नाही. मी खेळायला घ्यायचे आणि आजी हातातून काढून परत डब्यात टाकायची.

आजी अमळनेरकडची, घरात अहिराणीच बोलायची. माझी मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, आणि दुसऱ्या महिन्यात पोरीचं रोज संध्याकाळी सुरू व्हायचं, पाय पोटाशी ओढायची, मुठी आवळायची, लालबुंद होऊन दोन-दोन तास रडायची. आजीने सहाण काढली. "पोरले मुरडा उना शे, शेंग उगाळ. तीनच येढा, चौथा नई." येढा म्हणजे वेढा, सहाणेवर फिरवलेला एक फेरा, घुटीचं माप तेच. डॉक्टरांनी मात्र निक्षून सांगितलेलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मी डॉक्टरांचं ऐकलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं, कारण सहाण कशी धुतली, पाणी कुठलं, उगाळताना नेमकं किती पोटात गेलं याचा काही हिशोब नसतो आणि दोन महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं. आजीला लागलं ते. "तुन्हा बापले बी हाईच घुटी दिन्ही व्हती," एवढंच म्हणाली, आणि मग रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर पालथी घालून पाठ चोळत बसायची. शेंग तिच्या पदराच्या गाठीत असायची. मला दिसायची ती गाठ, मी काही बोलायचे नाही. पोरीचं दुखणं पुढे आपोआप गेलं, तसं ते बहुतेक बाळांचं जातंच, आणि सातवा महिना लागला त्या दिवशी आजीने सहाण उकळत्या पाण्याने धुऊन माझ्यासमोर तीन वेढे उगाळले.

आजी गेली, डबा माझ्याकडे आला. मुलगी आता आठवीत आहे. एकदा माळा आवरताना तिच्या हाती तो डबा लागला आणि तिने शेंग उचलून विचारलं, मम्मी ही कशाची शेंग, वेलाची का झाडाची? मला सांगता आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं जी वस्तू मी वासावरून ओळखते, जिच्यावरून आमच्या घरात रुसवेफुगवे झाले, ती कुठून येते हे मला ठाऊक नव्हतं. काष्ठौषधीच्या दुकानातून येते, एवढंच माहीत. मी म्हटलं शेंग आहे म्हणजे वेलाला लागत असेल, चवळीसारखी. साफ चूक होतं ते.

त्याच श्रावणात, कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला देवीचा सण) होऊन आठवडा झाला असेल, आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीच्या देवळात गेलो. यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे वळलं की केळीचे बाग संपत जातात, कपाशी संपते आणि एकदम समोर सातपुडा येतो. श्रावणात तो जो हिरवा होतो ना, त्याच डोंगराला एप्रिलमध्ये पाहिलेल्या माणसाला ते खरं वाटणार नाही. देवीच्या मागे धबधबा कोसळत होता, गर्दी होती, आम्ही दर्शन घेऊन खालच्या वाटेने रमत परत येत होतो आणि सागाच्या झाडांखाली एक झुडूप दिसलं, डोक्याच्या वर हातभर असेल, बारीक लांब फांद्या, आणि पानांच्या बेचक्यांतून विटकरी लाल रंगाची विचित्र फुलं. विचित्र म्हणजे खरंच विचित्र. पाकळ्या मागे उलटलेल्या, आणि फुलाच्या तोंडातून एक लांब दांडी बाहेर येऊन खाली वाकलेली, टोकाला काहीतरी गाठीसारखं. मी फोटो काढत होते तर बकऱ्यांमागे चाललेले एक बाबा थांबले. "काय पाहू राहिले ताई? मुरडशेंग आहे ते." मी म्हटलं, शेंग कुठंय? त्यांनी काठीने फांदी खाली ओढली आणि पानाआड हिरवी, कोवळी, लवदार, पीळ पडलेली शेंग दाखवली.

मला त्या क्षणी आजीची फार आठवण आली. तिने आयुष्यभर उगाळली, पण झाडावर कधी पाहिली असेल का? अमळनेरच्या काळ्या रानात हे झुडूप नाही. तिच्यासाठीही ती दुकानातूनच आलेली होती, आणि तिच्या आईसाठीही. पिढ्यान् पिढ्या आपण ती शेंग पोराबाळांच्या तोंडात घातली आणि तिच्या फुलाचा रंग लाल असतो हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी त्या झुडपाच्या मागे लागले. माझी एक मैत्रीण कॉलेजात बॉटनी शिकवते, तिचं भिंग मागून आणलं आणि पुढच्या रविवारी परत गेलो, मी आणि पोरगी. पान हातात घेतलं की पहिली आठवण भेंडीच्या पानाची होते, खरखरीत, कडेला दाते, टोकाकडे कधीकधी अर्धवट फाटल्यासारखं, देठाजवळ बदामाच्या आकाराचं पण एका अंगाला झुकलेलं, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. फांदीवर पानं दोन रांगांत बसतात, इकडे एक तिकडे एक. भिंगाखाली तो खरखरीतपणा कशाचा ते कळलं, पानावर बारीक चांदण्या आहेत चांदण्या, म्हणजे एकेका जागेवरून चार-पाच केस ताऱ्यासारखे फुटलेले, वरच्या बाजूला ते खरबरीत आणि खालच्या बाजूला मऊ लवेसारखे. पोरगी दहा मिनिटं भिंग सोडायला तयार नव्हती.

हे चांदणीसारखे केस म्हणजे एका मोठ्या घराण्याची खूण. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि आपली कपाशी, सगळ्यांचं कुळ माल्व्हेसी, आणि मुरडशेंगही आता त्यातच धरतात. पूर्वी तिला वेगळ्या कुळात, कढईच्या झाडाबरोबर ठेवायचे, ते पांढरं गुळगुळीत खोडाचं झाड जे सातपुड्यात रात्रीसुद्धा उठून दिसतं, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डीएनएच्या अभ्यासाने ती कुळं एकत्र केली. मला हे वाचून इतकं बरं वाटलं काय सांगू. माझे वडील कपाशीवाले. आमचं घर, शिक्षण, लग्नं सगळी कपाशीवर झाली, आणि वर डोंगरात तिचीच ही रानातली नातलग, कोणी न पेरता, कोणी न फवारता उभी आहे.

आता फुलाबद्दल सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. खाली नळीसारखा पुष्पकोश, थोडा दाबल्यासारखा चपटा, तोंडाशी पाच दाते. पाकळ्या पाच, पण पाची सारख्या नाहीत, दोन जरा आखूड आणि रुंद. नळीच्या तळाशी मध. आणि मधोमध ती दांडी. जास्वंदीच्या फुलातही मध्ये दांडी असते पण तिथे पुंकेसरांची नळी होऊन तिच्या आतून बीजांडकोशाची काडी बाहेर येते, बीजांडकोश स्वतः तळाशीच बसलेला असतो. मुरडशेंगेत उलटं आहे. इथे बीजांडकोशच दांडीच्या टोकावर चढून बसलाय, फुलाच्या पार बाहेर, आणि त्याच्याभोवती दहा पुंकेसर कडं करून. एवढा उपद्व्याप कशासाठी ते आम्ही वाटेच्या कडेला बसून राहिलो तेव्हा दिसलं. शिंजीर आला. ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो तो, नर होता. फांदीला लटकून त्याने वाकडी चोच नळीत घातली, आणि ती बाहेर आलेली दांडी नेमकी त्याच्या डोक्यावर टेकली. परागकण डोक्यावर. तिथून तो दुसऱ्या फुलावर. मधाचं दुकान एका टोकाला आणि हिशोब घेणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये पक्ष्याच्या डोक्याएवढं अंतर. फुलपाखरं पण येतात, मधमाश्या येतात, पण ते फूल पक्ष्याच्या मापाचं आहे हे बघताक्षणी पटतं.

अजून एक, एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं असतात, विटकरी लाल आणि शिशासारखी निळसर राखाडी. लांबून वाटतं दोन वेगळी झुडपं एकमेकांत गुंतलीयत. तसं नाहीये, एकाच फुलाच्या वयाचे ते रंग.

मग तो पीळ. शेंग म्हणतो आपण, पण चवळी-तुरीची असते त्या अर्थाने ही शेंगच नाही. तुरीची शेंग एका पेटीची. मुरडशेंग पाच पेट्यांची, पाच बारीक लांब पेट्या एकमेकींना बिलगून दोरीसारख्या वळल्यात. पिकून वाळली की टोकाकडून त्या जराशा सुटतात, आतल्या कडेने उकलतात आणि बारीक, कोनेदार, काळपट बिया खाली पडतात. तसं पाहिलं तर आमच्या त्या पितळी डब्यात नावं आणि वस्तू यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसत नाही. मायफळ फळ नाही, ती ओकच्या झाडावर एक गांधीलमाशीसारखा बारीक कीटक अंडी घालतो तेव्हा झाड जी गाठ बांधतं ती गाठ आहे. काकडशिंगी शिंग नाही की शेंग नाही, पिस्त्याच्या जातीतल्या झाडावर माव्याने केलेली पोकळ गाठ आहे ती. बायकांनी कुठल्या कुठल्या डोंगरांतून, कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या या गाठी आणि मुळं एका डब्यात जमवली आणि पिढ्यान् पिढ्या पुढे दिली, आणि प्रत्येकीला कशाचे किती वेढे ते पाठ होतं.

मुरड हा शब्द आपल्याकडे किती ठिकाणी फिरतो बघा. पोटात मुरडा येतो. करंजीला मुरड घालतात. नाक मुरडतात. पाहुणी लेक सासरी निघाली की मुरडीचा कानोला खाऊ घालतात, मुरडून परत ये म्हणून. आतड्याला पीळ पडला की पीळ असलेलंच फळ द्यायचं, हे कोणाला कधी सुचलं असेल माहीत नाही, पण नाव मात्र सगळीकडे त्या पिळावरूनच आहे. हिंदीत मरोडफली, आपल्या नंदुरबारच्या पलीकडे गुजरातेत मरडाशिंगी, संस्कृतात आवर्तनी. शास्त्रीय नाव हेलिक्टेरेस इसोरा, त्यातला हेलिक्टेरेस ग्रीकातला पिळाचाच शब्द. १७५३ साली लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. इसोरा मात्र आपल्याकडचं, मलबारातल्या, म्हणजे आजच्या केरळातल्या, 'इसोरा-मुर्री' या नावावरून घेतलेलं. सतराव्या शतकात तिथला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या झाडांचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, १६७८ ते १६९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापला, त्यातलं हे नाव. त्या कामात इट्टी अच्युतन नावाचे वैद्य होते, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही, त्यांचं कोंकणीतलं निवेदन नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलंय. म्हणजे युरोपातल्या पंडितांनी हे झुडूप कागदावर नोंदवलं ते आपल्या वैद्यांच्या तोंडून ऐकलेल्या नावासकट. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, उगाच नाही वाटत, या झुडपाला ओळखणारी माणसं इथे आधीपासून होती म्हणून वाटतो.

आणि ओळखणारी आजही आहेत. ते बकऱ्यांवाले बाबा आम्हाला परत भेटले, पोळ्याच्या चार दिवस आधी. आम्ही फांदी न्याहाळतोय बघून त्यांनी वाटेवर तुटून पडलेली एक काडी उचलली, नखाने सालीचा एक पट्टा सोलला आणि पोरीच्या हातात दिला, तोड म्हणाले. तिने ओढलं, दातांनी ओढलं, तुटेना. त्यांच्या लहानपणी पोळ्याला बैलांची दावी याच सालीच्या दोरांची असायची, पावसाळ्यात कोवळ्या सरळ काड्या कापायच्या, साल सोलायची, पाण्यात कुजवायची, धुऊन वाळवायची आणि मांडीवर वळायची. आता नायलॉन आलंय, रंगीबेरंगी, बाजारात मिळतं. वळायला कोणाला वेळ आहे, ते म्हणाले, पण हात विसरलेले नव्हते, बोलता बोलता त्यांनी त्या पट्ट्याच्या दोन बारीक पट्ट्या करून मांडीवर ठेवल्या, तळवा एकदा पुढे एकदा मागे, आणि वीतभर दोरी पोरीच्या मनगटाला बांधली. घाटाकडे या झुडपाला केवण म्हणतात आणि तिकडेही हेच, साल दोरासाठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण माणसांबद्दल वाईट अर्थाने म्हणतो. ज्या झुडपाच्या फळात पीळ आणि सालीतही पीळ, त्याच्याजवळ बसल्यावर मला ती म्हण पहिल्यांदाच चांगली वाटली.

जानेवारीत गेलो तेव्हा फुलं संपलेली. पानं निबर, पिवळट, किड्यांनी जाळी केलेली, आणि शेंगा आपल्या ओळखीच्या रंगाच्या झालेल्या, घोसांनी. वारा आला की वाळल्या शेंगा एकमेकींवर आपटून बारीक खुळखुळ आवाज येतो.

एप्रिलमधलं मात्र नीट सांगायला हवं. जळगावचं ऊन मी वेगळं सांगायला नको, सकाळी दहाला रस्ते ओस पडतात. घरच्यांचा विरोध पत्करून आम्ही पहाटे निघालो आणि सातला तिथे पोचलो. डोंगर राखेच्या रंगाचा. साग उघडा, खाली त्याची पानं वाळून पापडासारखी, पाय टाकला की एवढा आवाज व्हायचा की आम्हीच दचकायचो. धबधब्याच्या जागी ओला डागसुद्धा नव्हता. आणि आमचं झुडूप म्हणजे नुसत्या काड्या, एक पान नाही. कोणी अनोळखी आला तर मेलं म्हणून सरपणाला नेईल. पानझडी म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही, ते असं समोर उभं राहून कळतं. पानातून सारखं पाणी उडत असतं, आणि उन्हाळ्यात मुळाला पाणी मिळत नसताना तो खर्च झाड कुठून करणार, म्हणून ते दुकानच बंद करतं, जे आहे ते खोडात-मुळात ओढून घेतं आणि थांबतं. मी नखाने एका काडीची साल अगदी जराशी खरवडली. आत हिरवं होतं. ओलं हिरवं. पोरीने त्याला बोट लावून बघितलं. आणि त्या उघड्या काड्यांवर शेंगा अजून लटकलेल्या होत्या, गेल्या पावसाळ्यातल्या, टोकं उकललेली, आतल्या बिया बहुतेक सांडून गेलेल्या. जमिनीसरशी तोडलं किंवा वणव्यात वरचं जळलं तरी बुंध्यातून परत फुटतं हे झुडूप, पहिला चांगला पाऊस झाला की महिन्याभरात पानांनी भरतं.

खाली पडलेल्या दोन शेंगा आम्ही आणल्या. झाडावरच्या तोडल्या नाहीत. त्यातून सात बिया निघाल्या. बीचं कवच फार टणक असतं, नुसतं पेरून सहसा उगवत नाही, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्या आणि कुंडीत लावल्या. सातांतली एक उगवली. आता गॅलरीत वीतभर झालीय, पानं खरखरीत आहेत, भिंगाखाली चांदण्या आहेत, आणि फूल यायला अजून काही वर्षं लागणार हे पोरीने मान्य केलंय.

परवा तिला शाळेच्या वहीत शेंगेचं चित्र काढायचं होतं, आडवा छेद दाखवायचा होता. म्हणाली आणलेली शेंग ब्लेडने कापू का? मी डबा काढून दिला, म्हटलं आधी यात बघ कुठली चालते का. तिने तळातून आजीची शेंग काढली, ती जी पदराच्या गाठीत असायची. एका टोकाला ती उगाळून उगाळून झिजलीय, सपाट, गुळगुळीत झालीय, वडिलांपासून माझ्या मुलीपर्यंत सगळ्यांचे वेढे त्या टोकावर गेलेत. तिने ते टोक भिंगाखाली धरलं आणि मला हाक मारली. कापायची गरजच नव्हती. सहाणेने छेद आधीच घेऊन ठेवला होता, मध्ये एक ठिपका आणि त्याच्याभोवती पाच कप्पे, फुलासारखे, एका कप्प्यात अर्धी झिजलेली बी अजून तशीच. तिने मोठ्याने मोजले, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि वहीत काढायला घेतलं.